प्रवाळाची रसद

या मालिकेत आजवर आपण लढाया पाहिल्या, वेढे पाहिले, कुठल्या सैन्याचा दाणागोटा कुठे तुटला ते पाहिले. आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, कर्नलसाहेब आता माशांवर घसरले. घसरलो खरा, पण विषय तोच आहे. रसदीचा.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये तीस वर्षे काढली. म्हणजे हातात बंदूक कमी आणि वजनकाटा जास्त. पीठ, डाळ, केरोसीन, खेचरांचा चारा, सगळ्याचा हिशेब ठेवणारी आमची पलटण. निवृत्तीनंतर सिकंदराबादला घर केले आणि २०१३ साली दिवाणखान्यात ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. २००२ मध्ये पोर्ट ब्लेअरला असताना वंडूरच्या समुद्रात काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले होते, ते डोक्यातून गेले नव्हते. २०१६ च्या पावसाळ्यात त्या टाकीतले जवळजवळ सगळे प्रवाळ मी माझ्या हाताने उपाशी मारले. मोजमाप रोज होत होते, वहीत नोंदी होत्या, आणि तरी मारले. असे का झाले हे कळायला मला दीडशे वर्षे मागे जावे लागले. तीच वाट आज तुम्हाला दाखवतो.

आधी एक खुलासा, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतेच. आपल्याकडे प्रवाळभिंत बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. समुद्रातून उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. माझ्या टाकीत होते ते मऊ प्रवाळ: कातड्यासारखा जाड लेदर, मूठ उघडझाप करणारा झेनिया, चकत्यांसारखे मशरूम. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, लक्षात ठेवा.

आता अडचण काय ते सांगतो. माशांना खाणे घातले की त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतो. माशाची विष्ठा, उरलेले खाणे, सगळ्यातून अमोनिया निघतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फॉस्फरसचे फॉस्फेट होते. समुद्रात हे वाहून जाते. टाकीत जायला जागा नाही. मग काचेवर हिरवे शेवाळ, दगडावर केसाळ शेवाळ, आणि फॉस्फेट फार वाढले तर दगडी प्रवाळाला सांगाडा घालणे जड जाते. प्रवाळ पाळणाऱ्याचे निम्मे आयुष्य या दोन आकड्यांशी झगडण्यात जाते.

हा झगडा पहिल्यांदा केला तो एका बाईने, आणि तिचे नाव फार कमी लोकांना ठाऊक आहे. अ‍ॅना थाइन. १८४६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला तिला छोटे कप-प्रवाळ सापडले. ते लंडनला जिवंत न्यायचे म्हणून तिने सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजला टाके घालून बसवले, म्हणजे चारी बाजूंनी पाणी खेळेल. काय सुचले बघा! लंडनमध्ये समुद्राचे पाणी रोज मिळेना, तेव्हा घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, अर्धा-पाऊण तास, म्हणजे त्यात हवा मिसळेल. पुढच्या वर्षी थाइनबाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातले आणि प्रवाळ टिकले. इतिहासाच्या पुस्तकात बाईचे नाव थोडे तरी आले. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या मोलकरणीचे नाव मला कुठे सापडले नाही. रसदीच्या इतिहासात हे नेहमीच होते.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने केमिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि पाण्यातली वनस्पती ठेवली तर मासा सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती सोडते ते मासा घेतो. पण कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ झाले. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजके खाल्ले, पाणी निवळले. याला ‘समतोल’ म्हणू लागले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि पुढच्या वर्षी फिलिप गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले. लोकांनी घरोघर काचेची भांडी मांडली, बहुतेकांची महिन्याभरात सडली. कारण समतोल म्हणजे तराजू नव्हे हे कोणी सांगितले नव्हते. भांड्यात रोज बाहेरून खाणे पडते, तेव्हा रोज काहीतरी बाहेर गेलेच पाहिजे. गोगलगाय घाण खाते, पण घाण घेऊन घराबाहेर जात नाही.

आता प्रवाळांच्या खऱ्या घरी जाऊ. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लो आयल्स नावाच्या बेटावर वर्षभर राहिली. ए. पी. ऑर या रसायनतज्ज्ञाने वर्षभर पाण्याचे नमुने घेतले. पोषकद्रव्ये बाराही महिने अत्यल्प. थंड समुद्रात जसा हिवाळ्यात साठा वाढतो आणि वसंतात उतरतो, तसा चढउतार इथे जवळपास नव्हताच. पाणी म्हणजे वाळवंट, आणि त्या वाळवंटात एवढी वस्ती! यंग यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतात. असे प्रवाळ बंद भांड्यात ठेवले तर पाण्यातला फॉस्फरस वाढण्याऐवजी कमी होतो. घरातला भाडेकरू मालकाचा कचरा दाराबाहेर जायच्या आधीच उचलतो.

(जाता जाता. या तुकडीत जेफ्री टँडी नावाचे शैवालतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्कला, म्हणजे जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या केंद्रात गेले. असे सांगतात की कोणा अधिकाऱ्याने त्यांच्या ‘क्रिप्टोगॅम’, म्हणजे बिनफुलांच्या वनस्पतींच्या अभ्यासाला ‘क्रिप्टोग्राम’ समजून त्यांची नेमणूक केली. किस्सा खरा असो वा नसो, कुठल्याही फौजेतल्या पोस्टिंगचा अनुभव असलेला माणूस त्यावर पटकन विश्वास ठेवेल.)

१९५४ मध्ये अमेरिकेचे यूजीन आणि हॉवर्ड ओडम हे दोन भाऊ प्रशांत महासागरात एनीवेटॉक प्रवाळबेटावर गेले. तिथे अमेरिका अणुबॉम्बच्या चाचण्या करत होती, पैसाही अणुऊर्जा आयोगाचा होता. त्यांनी भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाणी मोजले. जेवढे अन्न भिंत तयार करते जवळजवळ तेवढेच ती खाते, आणि बाहेरून येणाऱ्या तुटपुंज्या पुरवठ्यावर एवढा कारभार चालतो तो आतल्या आत पुन्हा पुन्हा वापरण्यामुळे, असे चित्र त्यांनी १९५५ मध्ये मांडले.

इथे मी थांबतो, कारण माझी चूक इथेच दडली आहे. आमच्या खात्यात दोन वह्या असतात. एकीत शिल्लक, दुसरीत रोजचा इश्यू. डोंगरातल्या एखाद्या चौकीवर शिल्लक दोन दिवसांची असेल, पण खेचरांचा तांडा रोज येत असेल तर जवान उपाशी नाही. दुसऱ्या चौकीवर शिल्लक तीच दोन दिवसांची, आणि खिंड बर्फाने बंद. तपासणीच्या दिवशी दोन्ही वह्यांत आकडा एकच दिसेल. प्रवाळभिंत ही पहिली चौकी आहे. पाण्यात शिल्लक नाही, पण लाटेगणिक सूक्ष्म प्राणी येताहेत, माशांची विष्ठा पडते आहे, अंगातला भाडेकरू देतो आहे. ऑर यांनी मोजली ती शिल्लक, कारण बाटलीत शिल्लकच भरता येते. पुढे टाकी पाळणाऱ्यांनी तोच आकडा ध्येय म्हणून भिंतीवर टांगला.

टाकीवाल्यांचा इतिहासही थोडक्यात पाहू. १९६१ मध्ये जकार्ताचे ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली ‘नैसर्गिक’ पद्धत छापली: समुद्रातला जिवंत खडक, स्वच्छ पाणी, हवेचे बुडबुडे, बस. त्या खडकाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. ही एक मोठी सोय. मात्र फॉस्फरसला असा वायूचा दरवाजा नाही. तो आत आला की शेवाळ कापून, पाणी बदलून किंवा गाळूनच काढावा लागतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडकाला प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे एक उभी नळी. तीत बारीक बुडबुडे सोडतात, चिकट सेंद्रिय मळ बुडबुड्यांना धरून फेसाबरोबर वर येतो आणि वाटीत जमतो. उसाचा रस उकळताना मळी काढतात, तसेच. त्याच काळात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर एडी यांनी दिव्याखाली शेवाळाची शेती करून तेच कापून टाकण्याचा मार्ग काढला. मोनॅकोत झां जोबेर यांनी जाड वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवली. सगळ्यांचा शोध एकच: बाहेर जायचा दरवाजा.

आणि आता व्होडका.

अमेरिकन सागरतज्ज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून दाखवायला सुरुवात केली की समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात आणि खोल पाण्यात मूलद्रव्यांचे प्रमाण ठरलेले असते. पुढे ते १०६ कार्बन, १६ नायट्रोजन, १ फॉस्फरस असे रूढ झाले. टाकीत नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर, पण जिवाणूंना सहज खाता येईल असा कार्बन अपुरा, कारण खाण्यातला बराचसा कार्बन श्वासावाटे उडून जातो. म्हणून जिवाणूंना वरून कार्बन द्या. ते वाढतील, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात ओढतील, मग स्किमर त्यांना फेसात उचलेल. सांडपाण्याच्या प्रकल्पांत याच तत्त्वावर मिथेनॉल घालत आले आहेत. कोळंबीच्या तळ्यांसाठी इस्राएलचे योराम अवनिमेलेक यांनी १९९९ मध्ये कार्बन आणि नायट्रोजनच्या प्रमाणाचे गणित मांडले. आपल्या आंध्रात तळ्यात गूळ किंवा मळी घालतात, ते तेच. टाकीसाठी जर्मनीत म्रुटझेक आणि कोकोट या दोघांनी २००४ मध्ये इथेनॉलच्या मात्रेवर लेख लिहिला, आणि जगभर हौशी लोक टाकीत थेंबथेंब व्होडका घालू लागले. व्होडकाच का? कारण ती म्हणजे जवळपास नुसते अल्कोहोल आणि पाणी. आमच्या फौजी रमला इथे प्रवेश नाही, तिच्यात रंग असतो आणि आणखी काय काय. परदेशी कोष्टके ४० टक्क्यांच्या व्होडकाची असतात, आपली ४२.८ टक्क्यांची. तेवढे मी न चुकता कमी करून घेतले होते. छोट्या हिशेबात मी कधीच चुकत नाही.

मार्च २०१६ मध्ये माझे नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम होते. रोज ०.३ मिलिलिटरने सुरुवात केली, दर आठवड्याला थोडी वाढवली. कॅन्टीनची बाटली फ्रीजवर असायची आणि घरी पाहुणे आले की सौ. सांगायची, “ती यांची नाही हो, माशांची आहे.” जूनच्या पहिल्या आठवड्यात नायट्रेटच्या परीक्षानळीत रंगच आला नाही. शून्य. वर खबरदारी म्हणून फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणेही टाकले होते, तिथेही शून्य. मी नळ्यांचा फोटो काढून मुलाला पाठवला. कोष्टकात स्वच्छ लिहिले होते की आकडा तळाला आला की मात्रा निम्मी करा. मी नाही केली. वेढा यशस्वी होतोय आणि तोफखाना मागे घ्यायचा?

जूनच्या शेवटी झेनियाची उघडझाप बंद पडली. लेदर मिटून राहिला, मशरूम फिके पडून आक्रसले. वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे धागे आले. मला ते शेवाळ वाटले. म्हणजे शत्रूला अजून कुठून तरी दाणा मिळतोय! मी मात्रा वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दुधासारखे पांढरे, आणि क्लाउनफिशची जोडी पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा ओढत होती. जिवाणू एकदम वाढले की ते रात्रीतून प्राणवायू पिऊन टाकतात. एक मासा वाचला. ते तपकिरी धागे डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांचे होते. दोन्ही आकडे शून्याला टेकले आणि इतर सगळे उपाशी पडले की मोकळ्या जागेत ते माजतात, हे मला नंतर कळले.

या विषयावरचे दोन अभ्यास तोवर छापून झाले होते, मी वाचले नव्हते. २००५-०६ मध्ये अमेरिकन संशोधकांनी पनामाच्या किनाऱ्यावर प्रवाळांना वेगवेगळ्या गोष्टी जास्तीच्या देऊन पाहिल्या. नायट्रेट आणि फॉस्फेटने ते त्या काळात फारसे मेले नाहीत. मेले ते साध्या साखरांनी, कारण विरघळलेल्या कार्बनमुळे प्रवाळाच्या अंगावरचे जिवाणू फोफावले. म्हणजे मी ज्याला औषध म्हणत होतो, ते प्रमाणाबाहेर गेले की तेच घातक. आणि २०१३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात, टाक्यांमध्येच, यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नायट्रोजन आहे पण फॉस्फरस नाही अशा स्थितीत प्रवाळातले शैवाल उपाशी पडतात आणि प्रकाश-उष्णतेने प्रवाळ लवकर पांढरा पडतो. एक जिन्नस भरपूर आणि दुसरा नाही, तर उपासमारच. पीठ आहे, मीठ नाही, असे राशन आम्ही कधी चौकीवर पाठवले नसते.

शुद्ध निळे पाणी हीच प्रवाळाची एकमेव जात, हा समज तर आपल्याच किनाऱ्याने खोडून काढला आहे. जामनगरजवळ पिरोटन बेटाभोवती चहासारख्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत. १९८२ पासून तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पावसाळ्यात जिथे चार हातांवरचे दिसत नाही, तिथेही दगडी प्रवाळ तग धरून आहेत. याचा अर्थ समुद्रात सांडपाणी सोडा असा नव्हे. हवाईच्या कानेओहे खाडीत शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे सोडले, तिथे हिरव्या बुडबुड्यांसारख्या शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले. १९७७-७८ मध्ये ते पाणी खोल समुद्राकडे वळवले तेव्हा कुठे शेवाळ ओसरू लागले. दोन्ही टोके खरी आहेत. मी एका टोकाला घाबरून दुसऱ्यावरून पडलो.

त्या ऑगस्टमध्ये भीमावरमचा माझा एक जुना सुभेदार भेटायला आला. त्याची आता कोळंबीची तळी आहेत. रिकामी टाकी पाहून त्याने सगळे विचारून घेतले. मग म्हणाला, “साहेब, गूळ आम्ही पण घालतो. पण आमच्या तळ्यात तो गाळ खायला कोळंबी बसलेली असते. तुमच्या टाकीत पंगतीला कोण होतं?” मी स्किमर दाखवला. तो म्हणाला, “हे तर ताटं उचलणारं झालं.” ताटे उचलणारे तरी किती? केन फेल्डमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने मोजून दाखवले आहे की स्किमर पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनपैकी २० ते ३० टक्केच काढतो.

आम्ही दोघांनी त्या दुपारी लोहाचे दाणे काढून टाकले, व्होडका बंद केली आणि माशाला पोटभर खाऊ घातले. तपकिरी धागे जायला चार महिने लागले. मशरूमची एक चकती दगडाच्या सावलीत, नखाएवढी, शिल्लक होती. तिच्यापासून आज अकरा झाल्या आहेत. झेनिया पुन्हा आणला नाही.

आता माझ्या वहीत दोन रकाने आहेत. एकात शिल्लक: नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. दुसऱ्यात रोज किती खाणे गेले आणि स्किमरच्या वाटीत किती काळे पाणी आले. नायट्रेट २० च्या वर चढू लागले तर थेंबभर व्होडका अजूनही घालतो. पद्धत वाईट नव्हती. ५ वर आले की थांबतो. बाटली तीच आहे, २०१६ ची, अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली. पाहुण्यांना अजूनही मिळत नाही.

पुढच्या भागात पुन्हा जमिनीवर येऊ: १९६२ मध्ये नेफाच्या चौक्यांवर विमानातून टाकलेल्या रसदीचे काय झाले. जय हिंद.